भांडी कशी घासायची आणि कुणी? सुरतच्या मराठी घरातल्या रोजच्या कुरबुरीविषयी



रात्रीची जेवणं आटोपली आहेत. सिंकमध्ये एक कढई आहे आणि तिच्यात पाणी भरून ठेवलं आहे. ती कुणी ठेवली हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं आणि सकाळी ती कोण घासणार हेही माहीत असतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "भिजत घातली आहे." कधी ती खरोखरच भिजत घातलेली असते. पुष्कळदा ती दुसऱ्या कुणासाठी तरी सोडून दिलेली असते.

घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच, असं आपण म्हणतो. पण आपल्या घरांमधली कुरबुर पाहिली तर तिच्यातला बराच भाग खऱ्या भांड्यांवरूनच असतो. घासणी पाण्यात बुडवून कुणी ठेवली? ताटात उरलेला भात तसाच सिंकमध्ये कुणी टाकला? सासूबाई गार पाणी वापर म्हणतात, सूनबाई गरम पाणी हवं म्हणते. एक म्हणते भांडी पालथी घाल, दुसरी म्हणते आधी पुसून घे. दोघींनाही आपापल्या आईने तसंच शिकवलेलं असतं, म्हणून कुणीच मागे हटत नाही.

या सवयी कुठून आल्या, त्यांच्यामागे काय कारण होतं आणि सुरतेतल्या आजच्या घरात त्यातल्या कोणत्या ठेवायच्या, हे या लेखात पाहू. आमचा अनुभव असा की कारण कळलं की अर्धं भांडण आपोआप मिटतं. उरलेलं अर्धं कशावरून असतं, तेही शेवटी बोलू.

मोरी, चोकडी आणि सिंक

आपल्यापैकी बहुतेकांचं मूळ धुळे, जळगाव, नंदुरबार या खानदेशच्या पट्ट्यात आहे. तापी खोऱ्यातून येणाऱ्या रेल्वेने आपली माणसं सुरतेला आली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत स्थिरावली. काही घराणी त्याच्याही आधीपासून, गायकवाडी काळापासून दक्षिण गुजरातेत आहेत. माणसं आली तशा सवयीही सामानाबरोबर आल्या.

गावाकडे भांडी अंगणात किंवा मोरीत बसून घासली जायची. इथे आल्यावर मोरीला 'चोकडी' हा शब्द मिळाला, भांड्यांना 'वासण' मिळाला. सुरतेच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून जो वॉश एरिया असतो, तो म्हणजे जुन्या चोकडीचंच नवं रूप. त्यामुळे आपल्या पुष्कळ घरांत दोन जागा आहेत, ओट्यावरचं सिंक आणि बाहेरची चोकडी. पहिली कुरबुर इथेच सुरू होते. चहाचे कप सिंकमध्ये आणि मोठी पातेली चोकडीत, असा नियम एक जण पाळतो, दुसरा सगळंच सिंकमध्ये कोंबतो.

चोकडीत बसून घासण्याचे फायदे आहेत. मोठं पातेलं जमिनीवर टेकवून दोन्ही हातांनी जोर लावता येतो आणि पाणी अंगावर उडत नाही. पण गुडघे दुखू लागले की तेच काम शिक्षा होतं. सिंकमध्ये उभ्याने घासताना गुडघे सुटतात, पण ओटा ठेंगणा असेल तर कंबर धरते. म्हणून वयस्कर माणसाला "तुम्ही नेहमी चोकडीतच का बसता" किंवा "सिंकमध्येच का करता" असं विचारण्याआधी त्यांना कुठे दुखतं ते विचारावं. ही सवय पुष्कळदा हट्टाची नसते, शरीराची असते.

उष्टं आणि खरकटं

आपल्या भाषेत या कामासाठी दोन वेगळे शब्द आहेत. ज्याला तोंड लागलं ते उष्टं. ज्याला शिजवलेलं अन्न लागलं ते खरकटं. भाताचं पातेलं कुणी तोंड न लावताही खरकटं असतं. त्या पातेल्याचा हात पाण्याच्या माठाला लावायचा नाही, असा आजीचा दंडक असायचा. गुजरातीत उरल्यासुरल्या अन्नाला 'एंठवाड' म्हणतात, पण खरकट्याची आपली बारीक विभागणी त्या शब्दात येत नाही. आपल्या घरी लग्न होऊन आलेल्या गुजराती सुनेला हा फरक कळत नाही आणि मग गैरसमज होतो.

या नियमात सोवळ्याचा भाग होता, तसा व्यवहाराचाही होता. शिजवलेला भात, वरण, भाजी यांत ओलावा असतो आणि पिष्ट असतं. उन्हाळ्यात अशा अन्नात जंतू फार लवकर वाढतात. शिजवलेल्या भातात वाढणारा बॅसिलस सेरियस नावाचा जंतू तर पोट बिघडवण्यासाठी प्रसिद्ध आहे. खरकटा हात पिण्याच्या पाण्याला न लावण्यात शहाणपण होतं. सोवळं गेलं तरी हे कारण राहतं. नव्या सुनेला "आमच्यात चालत नाही" म्हणण्यापेक्षा हे कारण सांगितलं तर तिलाही पटतं.

आधी खरकटं काढा, मग साबण

भांडी घासण्याचा सगळ्यात मोठा नियम क्रमाचा आहे. साबण तेलावर काम करतो, अन्नाच्या थरावर नाही. ताटात भात आणि आमटी असताना त्यावर साबण ओतला तर तो अन्नात मुरतो, घासणी चिकट होते आणि पुढच्या दहा भांड्यांना तोच चिकटपणा लागतो. म्हणून आधी खरकटं काढून टाकायचं, मग एकदा पाण्याने विसळायचं, मग घासायचं.

हा धडा सुरतेने फार महाग किमतीत शिकला आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर घराघरात गाळ होता. मांडणीवरची भांडी, डबे, कुकर, सगळं चिखलाने भरलेलं. ज्यांनी थेट साबण लावला त्यांचा साबण संपला आणि भांडी तशीच राहिली. आधी गाळ धुवायचा, मग घासायचं, मग उकळतं पाणी ओतायचं, असा क्रम धरला तेव्हाच भांडी वापरण्याजोगी झाली. त्या दिवसांत भांडी कुणी घासायची हा प्रश्न घरात कुणी विचारला नव्हता. ज्याच्या हाताशी जे आलं ते त्याने धुतलं.

काढलेलं खरकटं कुठे जातं हाही प्रश्न आहे. सप्टेंबर १९९४ मधला प्लेग आपल्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. माणसं मिळेल त्या गाडीने गावी गेली होती. त्यानंतर १९९५ मध्ये आलेल्या आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात शहराच्या सफाईची घडी बसली आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतला. त्या यशाची सुरुवात आपल्या सिंकपासून होते. ताटातलं उरलेलं ओल्या कचऱ्याच्या डब्यात गेलं तर त्याचं खत होतं. तेच प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकलं तर कुजतं, आणि सिंकमध्ये लोटलं तर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे तुंबतं.

तवंगाचं काय करायचं

आपली शेवभाजी, काळ्या मसाल्याची आमटी, वांग्याची भाजी यांवर तेलाचा तवंग हवाच. त्यात हिवाळा आला की उंधियुं येतं. जेवताना ती शोभा, घासताना तो ताप.

गरम तेल पाण्यासारखं वाहतं म्हणून आपण ते बिनधास्त सिंकमध्ये ओततो. पाइपात गेल्यावर ते थंड होतं आणि आतल्या भिंतींना चिकटतं. पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याचा संयोग झाला की साबणासारखा टणक थर बनतो. त्यात भाताची शितं आणि केस अडकले की लाइन बंद. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये गटारात असाच एक गोळा सापडला. तो सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता. आपल्या सोसायटीत दर काही महिन्यांनी प्लंबर जे काढतो, ते त्याचंच लहान भावंड.

उपाय सोपा आहे. तळणीचं उरलेलं तेल गार करून बाटलीत भरावं. कढईतला तवंग जुन्या वर्तमानपत्राने किंवा शिळ्या पोळीच्या तुकड्याने पुसून घ्यावा. त्यानंतर गरम पाणी आणि साबण. पुसून घेतलेल्या कढईला साबण निम्मा लागतो. प्लास्टिकच्या डब्याला हळदीचा पिवळा डाग पडला असेल तर घासत बसू नये. डबा धुऊन दोन-तीन दिवस उन्हात ठेवावा. हळदीतला रंग उन्हाने फिका पडतो. सुरतेत उन्हाची कमतरता नाही.

गार पाणी की गरम?

या वादात दोघीही बरोबर असतात, फक्त भांडी वेगळी असतात.

दुधाचं पातेलं, अंड्याचं भांडं आणि कणकेची परात यांना गार पाणी घालावं. दूध आणि अंडं यांतली प्रथिनं गरम पाण्याने आणखी घट्ट बसतात. कणकेवर गरम पाणी ओतलं तर तिची खळ होते आणि ती घासणीत जाऊन बसते. कणकेची परात दहा मिनिटं गार पाण्यात राहिली की कणीक नुसत्या हाताने सुटते.

तूप, लोणी, डालडा, तेल यांना गरम पाणी हवं, कारण थंडीत ते थिजतात.

भाताचं पातेलं वाळू देऊ नये. लगेच पाणी घातलं की शितं फुगून सुटतात. रात्रभर वाळलं तर तीच शितं नखाने काढावी लागतात.

करपलेल्या स्टीलच्या भांड्यात पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून पाच-सात मिनिटं उकळावं, मग निवू द्यावं. तारेची घासणी घेऊन झटण्यापेक्षा हे बरं. ॲल्युमिनियमच्या भांड्याला मात्र सोडा लावू नये, ते काळं पडतं.

लोखंडी आणि बिडाचा तवा कधीच भिजत घालू नये. भाकरीचा तवा रात्रभर पाण्यात राहिला की सकाळी गंज. धुवावा, विस्तवावर कोरडा करावा, तेलाचं बोट फिरवावं.

खापरावरची पुरणपोळी ही तर खानदेशची ओळख. ज्यांच्या घरी खापर आहे त्यांनी त्याला साबण लावू नये. माती सच्छिद्र असते, ती साबण शोषून घेते आणि पुढच्या पोळीला त्याचा वास येतो. गार झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसणं पुरेसं. लागलंच तर साध्या पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवावं.

म्हणजे "भिजत घातली आहे" हे उत्तर भाताच्या पातेल्याला दहा-पंधरा मिनिटांसाठी खरं आहे. स्टीलच्या कढईला रात्रभर भिजवण्याची गरज नसते आणि लोखंडी कढईला तर ते घातक आहे.

राख, चिंच आणि कल्हई

गावाकडे चुलीत पऱ्हाट्या आणि लाकडं जळायची आणि त्यांच्या राखेने भांडी घासली जायची. सोबत नारळाची शेंडी किंवा काथ्या. यात अडाणीपणा काही नव्हता. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते अल्कलीयुक्त असतं. तेलकट भांड्यावर ओली राख घासली की तेलाचा काही भाग साबणासारखा बनतो आणि पाण्याबरोबर जातो. शिवाय राखेचे बारीक कण खरवडण्याचं काम करतात. म्हणजे आजी ताटावरच थोडा साबण तयार करत होती.

पण राख लाकडाची असेल तरच हे खरं. आज कुणी कोळशाची किंवा कचरा जाळलेली राख आणून वापरेल तर त्यात नको ते मिसळलेलं असू शकतं. गॅसच्या शेगडीच्या घरात राख आठवणीतच राहिलेली बरी.

तांब्या-पितळेची गोष्ट वेगळी. त्यांच्यावर हवेने काळपट थर येतो आणि तो साबणाने जात नाही, आंबटाने जातो. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, लिंबात सायट्रिक. त्यांनी तो थर विरघळतो. म्हणून देवाची भांडी चिंच आणि मिठाने घासायची पद्धत. आता पितांबरीसारख्या पावडरी आल्या, तत्त्व तेच. मात्र आंबट लावून भांडं तसंच ठेवून देऊ नये. चोळावं, लगेच भरपूर पाण्याने धुवावं, लगेच कोरडं करावं, नाहीतर हिरवट डाग येतात.

जे आम्ल काळपटपणा विरघळवतं तेच आम्ल स्वयंपाकात तांबंही विरघळवतं. ताक, चिंचेची आमटी, टोमॅटो हे पितळेत ठेवले की कळकतं, हा शब्द आपल्या आयांच्या तोंडी होता. म्हणूनच कल्हई. कल्हईवाला भांडं भट्टीवर तापवायचा, नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने आतला पृष्ठभाग साफ करायचा, मग कथलाची कांडी लावून तो चकचकीत थर सगळीकडे फिरवायचा आणि भांडं पाण्यात बुडवायचा. कथील आंबटाशी सहज झोंबत नाही. हल्ली हौसेने पितळेची भांडी पुन्हा घरात येत आहेत. आणावीत, पण कल्हई पाहून आणावीत आणि कल्हईच्या बाजूला तारेची घासणी लावू नये. घासून घासून कल्हई गेली की भांडं दिसायला स्वच्छ आणि वापरायला धोक्याचं होतं.

पांढरे डाग आणि ओली घासणी

"कितीही घासा, ग्लास पांढरटच दिसतात," ही तक्रार बोअरवेल असलेल्या सोसायट्यांत हमखास ऐकू येते. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. भांडं पालथं घातलं तरी थेंब जागेवर सुकतो आणि क्षार मागे राहतात. यात घासणाऱ्याचा दोष नसतो. ग्लास कोरड्या फडक्याने पुसले तर डाग पडत नाहीत. पडलेले डाग लिंबाच्या फोडीने किंवा व्हिनेगरने जातात. साबण जास्त लावणं हा उपाय नाही. क्षारांच्या पाण्यात साबणाचा साका बनतो आणि पांढरटपणा वाढतो.

पालथं घालायचं की पुसायचं, या वादाचं उत्तरही यातच आहे. पाणी चांगलं असेल तर जाळीवर पालथी घातलेली भांडी हवेत सुकणं उत्तम, कारण ओलं कळकट फडकं भांड्याला जंतू लावतं. पाणी क्षारांचं असेल तर पुसावं, पण फडकं रोज धुतलेलं आणि वाळलेलं हवं.

घासणीकडे आपण सगळ्यात कमी लक्ष देतो. २०१७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी वापरलेले स्वयंपाकघरातले स्पंज तपासले, तेव्हा त्यांत जंतूंची प्रचंड दाटी आढळली. स्पंज नेहमी ओला असतो आणि त्यात अन्नाचे कण अडकतात, तेव्हा यात नवल नाही. घासणी साबणाच्या वाटीत बुडवून ठेवू नये. पिळून, उभी करून, वारा लागेल अशी ठेवावी आणि वास यायची वाट न पाहता बदलावी. काथ्याची घासणी लवकर सुकते, जुन्या माणसांची ती आवड म्हणूनही बरी होती.

कुकरचंही असंच. गास्केट काढून वेगळं धुवावं आणि शिट्टीच्या नळीतून उजेड आरपार दिसतो का ते पाहावं. वरणाचा फेस तिथे सुकून बसला तर कुकर धोकादायक होतो. ही तपासणी ज्याने भांडी घासली त्याच्यावर न सोडता, जो कुकर लावतो त्याने करावी.

यंत्र आलं तरी

आता आपल्या काही घरांत भांडी धुण्याचं यंत्र आलं आहे. अमेरिकेतल्या जोसेफीन कॉक्रेन या बाईंनी १८८६ मध्ये अशा यंत्राचं पेटंट घेतलं. घरच्या चिनी मातीच्या ताटल्यांचे टवके उडतात म्हणून त्या वैतागल्या होत्या, असं सांगतात. आपल्याकडे यंत्र घेतलं तर तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. क्षारांच्या पाण्यासाठी यंत्रात वेगळं मीठ घालावं लागतं, ते विसरलं की पांढरे डाग येतात. लोखंडी तवा, कल्हईची भांडी आणि लाकडी पोळपाट त्यात घालू नयेत. आणि खरकटं हातानेच काढावं लागतं. म्हणजे या कामातला सगळ्यात नावडता भाग यंत्रानेही माणसावरच ठेवला आहे.

उरलेलं अर्धं भांडण

इथवर कशी घासायची ते झालं. आता कुणी.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असं आढळलं की बिनपगारी घरकामात रोज भाग घेणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण सुमारे ८१ टक्के आणि पुरुषांचं सुमारे २६ टक्के होतं. जे भाग घेत होते त्यांच्यातही स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि पुरुष ९७. सुरतेत यंत्रमागावर बारा बारा तासांच्या पाळ्या असतात हे खरं आहे. घरी आलेला माणूस थकलेला असतो. पण ज्या घरात बाई दिवसभर साड्यांना स्टोन चिकटवते, लेस लावते, किंवा ऑफिसातून सातला परत येते, त्या घरात थकवा दोघांचाही असतो. तरी रात्रीची कढई एकाच हाताची वाट पाहते.

सासू-सुनेची गार-गरम पाण्याची कुरबुर आपण ऐकतो आणि हसतो. ती दोघींमध्येच का होते, हे सहसा कुणी विचारत नाही. घरातले बाकीचे सिंकपाशी येतच नाहीत म्हणून ती दोघींमध्ये होते. जो कधी घासतच नाही त्याला पाणी कोणतं हवं यावर मत नसतं.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. आपल्यातली काही घरं भांड्यांना बाई लावतात आणि आपल्यातल्याच काही बायका दुसऱ्यांची भांडी घासायला जातात. कधी दोघींचं गाव एकाच तालुक्यात असतं. मावशी आल्या की आपण अहिराणीत चार शब्द बोलतो आणि लगेच रात्रभर वाळलेलं भाताचं पातेलं त्यांच्यापुढे ठेवतो. सतत ओल्यात आणि साबणात राहून हाताची कातडी फाटते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. करपलेलं भांडं सोड्यात आपणच उकळून ठेवलं, ताटातलं खरकटं आपणच काढलं, थंडीत गरम पाण्याची सोय केली, तर त्यांचं काम निम्मं होतं. यात उपकार काही नाही. खाणाऱ्याने आपलं ताट उचलावं, एवढीच ही जुनी रीत आहे.

सुट्टीचंही तसंच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी जो करार केला, त्यात आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती सांगितली आहे. आपण कायद्याची वाट पाहण्याचं कारण नाही. आठवड्याची एक सुट्टी, आणि गावी लग्न किंवा आजारपण असेल तेव्हा पगार न कापणं, हे प्रत्येक घर आपल्या पातळीवर ठरवू शकतं. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर घरकाम करणाऱ्यांचीही नोंदणी होते. आपल्या मावशींची नोंद झाली आहे का, एवढं विचारलं आणि त्यांच्याबरोबर बसून फॉर्म भरला तर तेही मदतीचंच काम.

आणि हे घरापुरतं नाही. गणपतीतला महाप्रसाद, कोजागरीचं दूध, हळदी-कुंकू, आपल्या प्रत्येक कार्यक्रमात शेवटी मोठी पातेली उरतात. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या आणि पेल्यांवर बंदी आली. पूर्वी पत्रावळी असायच्या, घासायचा प्रश्नच नव्हता. आता स्टीलची ताटं आली, हे चांगलंच झालं. पण वाढायला जेवढे हात पुढे येतात तेवढे विसळायला येत नाहीत. वाढणाऱ्याचा फोटो निघतो, घासणाऱ्याचा निघत नाही.

म्हणून आमची साधी विनंती. घरात एवढं ठरवून घ्या:

- प्रत्येकाने आपलं ताट स्वतः खरकटं काढून, विसळून ठेवायचं. सहा वर्षांच्या मुलापासून आजोबांपर्यंत, ज्याला उभं राहता येतं त्या प्रत्येकाने.
- ज्याने भांडं करपवलं त्याने ते सोड्यात उकळायचं.
- भिजत घालणाऱ्यानेच ते घासायचं. नाहीतर भिजत घालू नये.
- रात्रीच्या भांड्यांची पाळी ठरवायची आणि पाळीत पुरुषांची नावंही असावीत.
- घासणाऱ्याच्या पद्धतीवर टीका करायची असेल तर त्या दिवशीची भांडी आपण घासायची.

शेवटचा नियम पाळला तर घरातली सगळ्यात जास्त शांतता त्यानेच येईल, असं आम्हाला वाटतं. गार पाणी की गरम, हे ज्याच्या हातात घासणी आहे त्याने ठरवावं. आज रात्री जेवणं झाली की सिंकमध्ये पाहा. कढई असेल तर ती कुणाची, हे विचारण्याआधी घासून टाका.